उजेडानं मध चाखला

मी लिहीत न्हाय, बोलती. लिहिणारी स्वाती हाय, माझ्या थोरल्या बहिणीची नात. मला शाळा दुसरीपतोर, ती बी निम्मी म्हशीमागं गेली. स्वाती म्हणती, "आज्जी, वाईच दमानं सांग, माझा हात दुखाय लागला." दमानं कसं सांगू? माघारी येऊन इतकं दिस झालं तरी कपाळाची शीर अजून ताडताड उडती. पण सांगती. आमची वाडी बघितल्यालं लई न्हाईत, आणि कोल्हापुरातली ती अंधारी खोली बघितल्यालं त्याहून कमी. मी दोन्ही बघितलंय.

मलकापूर

आमची वाडी मलकापूरच्या वर, आंबा घाटाच्या अंगाला. दारात जंगल. आमचं मालक कड्यावरनं दोर सोडून आग्या मोहळाचा मध काढायचं. एका वर्षी दोर तुटला. पोरगं माझ्या मांडीवर व्हतं आणि गोठ्यात म्हस व्याली व्हती. आदी म्हशीचं बघितलं, मंग रडले. तवापासनं कडा बघितला की मान खाली घालून जाती, पण मधाला कवा नाव ठिवलं न्हाय. मधाचा त्यात काय गुन्हा?

पुढं पोराचं लगीन झालं. पोरगा ट्रकवर असतो, महिन्यातनं चार दिस घरला. सून रंजना, कुरुंदवाडची. उसाच्या मुलखातली पोर, माशी बघितली की पदर डोक्यावर घिऊन पळायची. पण तिनंच सरकारी शिबिरात जाऊन मधपेट्या शिकल्या. सातेरी माश्या, बारक्या, गरीब. आता ती पेटीवर कान ठिवून सांगती, राणी हाय का न्हाय. वाडीतल्या बायकांस्नी तिनंच शिकवलं. त्या बी पेट्या ठिवत्यात.

मध आमी मलकापुरात दिनू शेटला घालतो. रत्नागिरीच्या रस्त्याला त्याचं दुकान हाय. आमच्याकडनं डब्यानं घेतो आणि कोकणात जाणाऱ्या पावण्यास्नी रंगीत बाटल्यांतनं इकतो. फळीवर बाटल्यांची रांग, वर मोठी पाटी, 'अस्सल रानमध'. ती पाटी ध्यानात ठिवा.

पौषातला बाजार व्हता. थंडी मरणाची. रंजीच्या डब्यातल्या मधानं रवा धरलता. शेटनं बोट घातलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला,

"करकर लागतंय. ही साखर हाय."

मी म्हटलं, "शेट, थंडी हाय. तूप थिजतंय, खोबरेल थिजतंय, मग मध थिजायचा न्हाय व्हय?"

"म्हातारे, मला शिकवू नगंस. माझं निम्मं आयुष्य मधात गेलं."

"आणि माझा नवरा आख्खा गेला मधात!"

भरल्या बाजारात बोलले. लोकं थांबली. शेट काय हटला न्हाय. रंजीकडं बघून म्हणाला, "उसाच्या गावची हाय न्हवं ही? मंग साखरंला काय तोटा." आणि बाकीच्या बायकांचं डबं मोजून घेतलं. त्यांचा मध अजून पातळ व्हता, म्हणून त्यो चोख!

बायका काय बोलल्या न्हाईत. ह्येचाच मला जास्त राग आला. भांडली असती एखादी तर बरं वाटलं असतं. माघारी येताना वडापात रंजीच्या शेजारची जागा मोकळी ऱ्हायली. वडाप म्हंजी आमच्याकडची भाड्याची जीप, जिच्यात दहाच्या जागी वीस बसत्यात. त्या जीपमदी जागा मोकळी ऱ्हाती म्हंजी काय, ते इचारू नगा.

रंजी घरात आली आणि बोलायची थांबली. दोन दिसांनी म्हणाली, "आत्ती, मी वाईच कुरुंदवाडला जाऊन येती." वाईच म्हणती, आणि पिशवीत सगळी लुगडी भरलेली. "पेट्या कुणाला द्यायच्या ते तुमीच बघा," म्हणाली.

मी म्हटलं, "मी माघारी येईस्तोवर थांब. मंग कुटं जायचं तितं जा."

"तुमी कुटं निघालाय?"

"ठावं न्हाय. पण बसून ऱ्हाणार न्हाय."

तिच्याच डब्यातल्या मधाच्या दोन बाटल्या भरल्या. एक सगळ्यास्नी दाखवायला, एक पन्हाळ्याच्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, खायला. त्याच पेटीतल्या पोळ्याचा एक तुकडा, माश्यांनी मेणानं बंद केल्याला, स्टीलच्या डब्यात घातला स्वातीसाठी. दाखवायची बाटली देवीपुढं ठिवली, हळदकुंकू लावलं, रीत हाय ती सगळी केली आणि निघाले.

पन्हाळा

येष्टीत खिडकीपाशी बसले. बांबवडं सोडलं की ऊसच ऊस. ट्रॅक्टरमागं दोन-दोन डबं, वर ऊस इतका की रस्ता दिसंना. कुटं गुऱ्हाळाचा वास, कुटं मळीचा. मनात म्हटलं, बगा की, आख्खा जिल्हा साखरंत बुडालाय आणि चोर कोण, तर माझी सून!

वाघबिळाला उतरले, वडापानं गडावर गेले. गडावर धुकं आणि पावणं. आमच्याकडं पावणा आला की तळहातावर मध देत्यात, वर तांब्याभर पाणी. चाटायचं आणि बरं-वाईट बोलायचं. ती रीत हाय. हितं पावण्यास्नी फोटू लागतो. एक शहरातली बाई माझ्याजवळ आली. डोळ्याला काळा चष्मा, धुक्यात. बाटलीकडं बघून म्हणाली,

"आजी, ओरिजिनल आहे ना?"

झालं. माझं डोस्कं आदीच तापल्यालं.

"बाई, ही तुझी दोन पोरं हायत न्हवं? ती ओरिजिनल हायत का, असं तुला रस्त्यात कुणी इचारलं तर काय म्हणशील?"

ती बाई पोरांस्नी वडत घिऊन गेली. मागनं मलाच वाईट वाटलं. पोरं चांगली व्हती.

आक्काच्या घरात चूल पेटल्याली व्हती. तिनं हुलग्याचं माडगं केलतं, दाट, वर लसणाची फोडणी. भाकरी, खर्डा. थंडीत माडग्यासारखं दुसरं औषध न्हाय. मी खाल्लं आणि सगळं सांगितलं. आक्का म्हणाली,

"शेवंते, कशाला जीवाला लावून घेतीस? न्हाय घेतला मध तर घरात खावा."

"आक्का, मधाचं कोण बोलतंय? पोरीचं नाव गेलं."

"अगं पण आता तपासणार कोण? मध काय उठून बोलतोय व्हय?"

स्वाती सुट्टीला घरी आलती. चुलीपाशी बसून ऐकत व्हती. ती कोल्हापुरात मोठ्या शाळंत शिकती, कॉलेजच्या बी वरच्या. काय शिकती ते मला कवा कळलं न्हाय. उजेडाचं कायतरी, एवढंच ठावं. ती हळूच म्हणाली,

"आज्जी, बोलतोय की मध. आमच्या खोलीत आण. उजेडाला बोलतोय."

आक्का म्हणाली, "हिला बी झपाटलं काय?"

कोल्हापूर

सकाळी निघालो. पंचगंगंच्या पुलावर येष्टी ऊसगाड्यांत अडकली. स्वातीनं मला कटवडा खायला घातला. तिखटानं नाकातनं पाणी आलं, डोळ्यातनं आलं. म्हटलं बरं झालं, रडायचं निमित्त मिळालं.

त्या मोठ्या शाळंत झाडं लई, माणसं कमी. आत एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला खोली. दारात चपला काढाय लावल्या. बरं वाटलं. मास्तर लोकं अजून चपला काढत्यात तर! आत सगळं काळं, भिंती बी काळ्या. मधोमध लोखंडाचं मोठं टेबल. स्वाती म्हणाली, टेबलाचं पाय हवेवर हायत, कुणी चाललं तर हादरा लागू नये म्हणून. मी वाकून बघितलं. खरंच की.

तिची मॅडम बेळगावकडची, कानडी बोलणारी. मला बघून उठली आणि म्हणाली, "कूतकोरी, अज्जी." हातानं खुर्ची दाखवली तवा कळलं, बसा म्हणती. चहा दिला, चिमणीच्या चोचीएवढ्या कपात.

मध एकदम पातळ केला. थेंबभर मधाला तांब्याभर पाणी. मी म्हटलं, "आता ह्यात काय ऱ्हायलं? ह्ये तर निव्वळ पाणी."

"बघच तू," स्वाती म्हणाली. दिवं घालवलं. एका नळीतनं लाल उजेड सुटला, सुतासारखा सरळ. वाटंत काचाच काचा.

"आज्जी, उजेड इस्कटल्याल्या केसागत असतो. उभा, आडवा, तिरका. ही पयली काच म्हंजी फणी. हिच्यातनं उभा उजेड तेवढा जातो. पुढं मधाचं पाणी. मध उजेडाला वाईच डावीकडं मुरडतो. साखर उजवीकडं मुरडती."

"कशी मुरडती? नव्या नवरीगत?"

"तशीच की. पण इतकी वाईच, की डोळ्याला कळायचं न्हाय. म्हणून ही दुसरी फणी, आडवी लावल्याली. उभा उजेड आडव्या फणीतनं जाईल का?"

"कसा जाईल? अडकंल."

"अडकतो. जवळजवळ सगळा. आमी ती फणी केसभर कलती ठिवतो, मंग वाईच उजेड निसटतो. त्यो पकडायचा. मधानं नखभर मुरडलं तरी ह्यो निसटल्याला उजेड पडद्यावर लांब उडी मारतो."

मी म्हटलं, "अगं, मंग एवढा चांगला उजेड फेकूनच देता?"

"द्यावा लागतो. सगळा ठिवला तर झगमगाटात मुरड दिसतच न्हाय."

मला एकदम मालक आठवलं. मोहळ हुडकाय गेलं की घोंगावणाऱ्या माश्यांकडं ते बघायचंच न्हाईत. पाणवठ्यावर बसायचं, सगळ्या उडून जाऊस्तोवर. मंग तिरप्या उन्हात एकटी मागं ऱ्हायल्याली माशी दिसायची, तिचा माग धरायचं. मी इचारायची, "ह्या एवढ्या सोडून ती एकलीच कशाला?" ते म्हणायचं, "गर्दी वाट दावत न्हाय." स्वातीला ह्ये सांगितलं तर मॅडम म्हणाली, परत सांगा. मी सांगितलं न्हाय. माझा जीव बाटलीत अडकलता.

"ह्याला क्षीण मापन म्हणत्यात, आज्जी."

"क्षीण? माझ्यागत?"

"उजेड मधाला दरडावून इचारत न्हाय. शिवून जातो नुसता. एकदा शिवून उत्तर नीट ऐकू येत न्हाय, म्हणून लाखदा शिवायचं आणि सगळी उत्तरं एकत्र करायची."

अंधारात बसून मी त्या लाल सुताकडं बघत ऱ्हायले. माझ्या रंजीला असं कुणी इचारलं न्हाय. बाजारात एकानंच इचारलं, एकदाच, वरडून, आणि उत्तर ऐकायला थांबला न्हाय.

आदी पोळ्यातला मध घेतला. मेणाचं झाकाण सुईनं फोडून, थेंब काढून. त्यात कुणी काय घालू शकत न्हाय, माश्यांचं कुलूप हाय ते. मंग बाटलीतला. मॅडम म्हणाली, पेटी एक, मध एक, तर दोन्हींच्या मुरडीच्या रेघा एकमेकींवर बसल्या पायजेत. कंपूटरवर रेघ सरकाय लागली. माझी काठी निसटून फरशीवर पडली तर रेघ दचकल्यागत उडाली. परत पयल्यापासनं सगळं. मी काठी मांडीवर घिऊन, श्वास धरून बसले.

रेघा एकमेकींवर बसल्या न्हाईत.

एकीच्या शेजारी दुसरी, बारीक फट मधी. स्वातीचं तोंड उतरलं. मॅडमनं परत मोजलं. तीच फट. मॅडम लई मऊपणानं म्हणाली,

"अज्जी, पावसाळ्यात माश्यांना साखरपाणी देता ना?"

"देतो की. शिबिरात तुमच्यासारख्यांनीच शिकवलंय. पण त्या पोळ्यांवर रंजी खूण करती, ती माश्यास्नीच ठिवती. आणि तसं असतं तर पोळ्यात बी दिसलं असतं की!"

"बरोबर," मॅडम म्हणाली. "म्हणजे पोळ्यात नाही. बाटलीत आहे. बाटलीत थोडी साखर आहे."

माझा तोल गेला. खरं सांगती, मी त्या अंधारात उभी ऱ्हायले आणि वरडले. "ज्या मधापायी माझं कुंकू गेलं त्यात मी साखर घालीन? माझी सून घालंल? तुमची काच खोटी! तुमचा उजेड खोटा! त्यो दिनू शेट बरा, निदान उजेडात बसून खोटं बोलतो!" बोळातनं कोणतरी डोकावून गेलं. मॅडमनं दिवा लावला आणि पाण्याचा पेला माझ्याफुडं ठिवला.

स्वाती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. आमच्या चुलीपाशी बसती तशी. हळूच इचारलं,

"आज्जी, निघताना बाटली देवीला दावलीस?"

"दावल्याबिगर कशी आणीन?"

"ओटी भरलीस?"

"भरली की. मोठ्या कामाला निघाल्याली, घरातनं लेक निघाल्यागतच ती. मोकळी कशी पाठवू?"

"ओटीत काय घातलंस?"

"तांदळाचं चार दाणं. हळकुंड."

"आणि?"

"देवीफुडची साखर."

"ती साखर कुटं गेली, आज्जी?"

मी बाटलीच्या गळ्याकडं हात नेला. तांदूळ, हळकुंड फडक्यात बांधून बाटलीच्या गळ्याला बांधलतं, ते अजून तितंच व्हतं. आणि साखर? प्रसाद फडक्यात बांधत न्हाईत. मुंग्या लागत्यात. प्रसाद आत जातो.

"चिमूटभर," मी म्हटलं. "बाटलीत."

मॅडम पयल्यांदा हसली. मंग स्वाती. मला हसू आलं न्हाय, घाम आला. स्वाती म्हणाली, "आज्जी, बाजारातल्या साध्या यंत्राला ही चिमूट दिसली बी नसती. ह्यानं देवीचा प्रसाद हुडकून काढला."

मी म्हटलं, "प्रसाद हुडकला, पण रंजीचं काय? आता कोण इस्वास ठेवंल?"

"दुसरी बाटली हाय की," स्वाती म्हणाली. "आक्काआज्जीची. तिची ओटी भरली न्हवतीस न्हवं?"

घरच्या खाऊची कोण ओटी भरतंय?

परत पन्हाळा

दुसऱ्या दिशी परत गडावर. आक्का उन्हाला बसलीती, मांडीवर बाटली, हातात चमचा.

"आक्का! थांब!"

ती दचकली. चमचा तोंडातच.

"काय गं? मध देतीस आणि माघारी मागतीस?"

निम्मी बाटली तिनं एका दिसात संपवली व्हती. पण निम्मी व्हती. मी हातातनं वढून घेतली. आक्का म्हणाली, "म्हातारपणी बुद्धी फिरली हिची. भणीच्या तोंडातला घास काढती." मी म्हटलं, "आक्का, चमचा आदी धुतलतास का? चहात साखर ढवळल्याला चमचा न्हवं ना ह्यो?" आक्कानं चमचाच फेकून मारला. चांगला नेम हाय तिचा अजून. चमचा धुतल्याला व्हता, तिच्या नातवाची शप्पत घिऊन सांगितलं.

परत वडाप, परत येष्टी, परत पूल, परत ऊसगाड्या. ह्या खेपंला बाटली पदरात गुंडाळून मांडीवर घेतलीती. शेजारचा बाबा म्हणाला, "काय हाय आज्जी? गावठी?" मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढच्या थांब्याला मागच्या बाकड्यावर गेला.

अंधाऱ्या खोलीत त्या दिशी मी काठी भाईरच ठिवली. रेघ सरकली. मी बघितलंच न्हाय, डोळं मिटून बसले. कवातरी स्वातीनं माझ्या गुडघ्यावर हात ठिवला. पडद्यावर एकच रेघ व्हती. मी म्हटलं, "दुसरी कुटं गेली?"

"तिच्याच खाली हाय, आज्जी. एकमेकींवर बसल्यात."

बरं वाटलं. लई बरं वाटलं. मी म्हटलं, "आता शिक्का मारून कागद द्या. शेटच्या तोंडावर मारती."

मॅडमचं तोंड बारीक झालं. म्हणाली, "अज्जी, तो देता येत नाही. हे यंत्र शिकायचं आहे. दाखला देणारी यंत्रं वेगळी, दुसऱ्या ठिकाणी असतात."

"त्या यंत्रांस्नी देवीची चिमूट कळती?"

"नाही."

"मंग शिक्का त्यांच्याकडं कसा?"

ज्याला समदं दिसतंय त्याच्या शब्दाला किंमत न्हाय, आणि ज्याला दिसत न्हाय त्यो शिक्का घिऊन बसलाय! स्वातीनं ह्ये वाक्य लिहिताना माझ्याकडं बघितलं. लिही, म्हटलं. खोडू नगंस.

मॅडमनं निघताना माझा हात धरला. आणि बाटलीत उरल्याल्या मधाकडं बघून इचारलं, "ठेवू का आम्ही? शिकवायला." मी दिली. ओटीची बी दिली. त्या दोघी आता त्या खोलीत फळीवर हायत म्हणं, शेजारी शेजारी.

मलकापूर

शेटच्या दुकानात गेले तवा पावण्यांची गाडी थांबलीती. शेट त्यास्नी बाटली दावत व्हता. मी मोकळ्या हातानं आलेली बघून म्हणाला,

"काय म्हातारे, कुटं फिरून आलीस?"

"कोल्हापूर. मोठ्या शाळंत. मध उजेडाला दावला."

"मंग? कागद दाव."

"कागद न्हाय. सांगायला आले." आणि सगळं सांगितलं. लाल उजेड, फणी, डावी मुरड, उजवी मुरड. देवीच्या साखरंचं बी सांगितलं, लपवलं न्हाय. शेट पोट धरून हसला. "आगं, म्हंजी साखर सापडलीच की!"

"सापडली. चिमूटभर. बाटलीभर मधात चिमूट, त्या मधाचा थेंब तांब्याभर पाण्यात, आणि तरी सापडली." मी फळीकडं बघितलं. अस्सल रानमध, बाटल्यांची रांग. पौषातली थंडी, बाटल्यांवर धूळ बसल्याली, आणि एका बी बाटलीत रवा धरल्याला न्हाय. "शेट, ह्यातली एक द्या. जाती मी परत. मला आता वाट ठावी हाय."

पावण्यांतला बाप्या हातातली बाटली फिरवून बघाय लागला. मंग फळीवर परत ठिवली. बायकोला म्हणाला, चल.

गाडी गेली. शेट हसायचा थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "आज्जी, असं गिऱ्हाईकाफुडं बोलायचं काय? आणा ते डबं. घेतो मी."

आता आज्जी! आदी म्हातारे, आता आज्जी!

"घेतोस व्हय? भरल्या बाजारात तिला चोर म्हटलास. आदी तिला म्हण, मध हाय म्हणून."

"ते जाऊ द्या की. झालं गेलं."

"तुझं झालं, तुझं गेलं. आमचं तितंच हाय."

मी आले.

वाडी

रंजीची पिशवी दाराआड तशीच भरल्याली व्हती. तिला मी समदं सांगितलं, येष्टीपासनं आक्काच्या चमच्यापतोर. ओटीचं सांगितल्यावर तिनं पदर तोंडात धरला. हसती का रडती मला कळंना. मंग म्हणाली, "आत्ती, साखर घालणारी तुमीच व्हय!" आणि खदाखदा हसली. मी बी हसले, कोल्हापुरात राहिल्यालं हसू हितं आलं. पण पिशवी तिनं मोकळी केली न्हाय.

पुढच्या बाजाराला बायका सांगत आल्या, शेटची फळी मोकळी हाय. अस्सल रानमधाची पाटी हाय, बाटल्या न्हाईत. पाटीखाली आता काजू मांडल्यात.

आणि एका दुपारी त्याची जीप वाडीत आली. मागं मोकळं डबं. उतरला, टोपी नीट केली. "वैनी, मध पायजे व्हता," म्हणाला. काजूवर दुकान चालत न्हाय, पावणं मधच मागत्यात. बायका आपापल्या दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. त्याच बायका. वडापातल्या.

रंजी पेटीपाशी बसलीती. उठली न्हाय. मला म्हणाली, "आत्ती, पावणं आल्यात. आपली रीत करा की."

मी आत गेले. थिजल्याल्या मधाच्या डब्यात चमचा घातला, चांगला रवाळ मध काढला. शेटच्या तळहातावर ठिवला. पाण्याचा तांब्या शेजारी. आमच्याकडं पावण्यानं ह्याला न्हाय म्हणायचं नसतं. आणि चाटून गप बसायचं नसतं.

शेटनं माझ्याकडं बघितलं, रंजीकडं बघितलं, दारातल्या बायकांकडं बघितलं. चाटला. गिळला.

"कसं हाय?" रंजीनं इचारलं. लई हळू इचारलं. पेटीवरची माशी उडू नये एवढ्या आवाजात.

त्यो खाली बघत पुटपुटला, "मध हाय, वैनी."

"शेट, जरा मोठ्यानं बोला. आत्तीला ऐकू कमी येतं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मध हाय!" म्हणाला. "चोख मध हाय!"

मला ऐकू चांगलं येतं. मी कानामागं हात धरला आणि म्हटलं, "आं? काय म्हटला?"